उजवीकडून वाचायची ओळ

“तू जे लिहितेस ते तुला कळतं का?” सेंटरचे मुख्य सर इचारत व्हते.

मी त्यांच्या केबिनमधी उभी व्हते. दम लागला व्हता. सुपरवायझर मॅडमनी मला वरच्या वर्गातनं खाली आणलं, आन् जिना उतरताना त्या इतक्या जोरात चालत व्हत्या की मला पळावं लागलं. उत्तरपत्रिका त्यांच्या हातात. वर पेपरचा टाइम चालूच व्हता. परीक्षा माझी न्हवती, प्रज्ञाताईंची व्हती. त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत न्हाई. मी त्यांची रायटर.

“व्हय, कळतं” असं म्हणले असते तर त्यांचा पेपर गेला असता. कॉपी केस.

रायटर म्हंजे काय ते आधी सांगते. ज्यांना दिसत न्हाई त्यांनी तोंडानं उत्तर सांगायचं आन् आमी हातानं लिहायचं. कागदावर लेखनिक म्हणतात, पण कॉलेजात सगळे रायटरच म्हणतात. आमच्या इथं नियम असा की रायटर परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला पायजे, म्हंजे तो मधी आपलं डोकं घालणार न्हाई. मी नववी पास. दहावीच्या आधी लग्न झालं. एमएस्सीच्या बाईला माझ्याएवढी कमी शिकलेली, पण नीट अक्षराची रायटर लोणावळ्यापासनं देहूरोडपर्यंत शोधून मिळाली नसती. मला काय येत न्हाई, हेच माझं क्वालिफिकेशन.

मी मूळची मेंदी काढणारी. माहेर कामशेत, सासर टाकवे बुद्रुक. मालक तळेगावच्या कंपनीत, सासूबाई घरी, आन् तवा पोरगी अंगावर पिणारी. प्रज्ञाताईंच्या बहिणीच्या लग्नाला मेंदी काढायला मी देहूरोडला गेलते. त्यांचे वडील डेपोतनं रिटायर झालेले, घर पुस्तकांनी भरलेलं. सगळ्या पोरींचे हात झाल्यावर प्रज्ञाताई पुढं बसल्या आन् म्हणल्या, “काय काढतेस ते बोलत काढ. नुसतं छान झालंय म्हणू नकोस.”

मंग मी बोलत काढली. मनगटापासनं येल निघाली, अंगठ्यापाशी वळली, तितं तीन पानं, मधलं मोठं. वाळल्यावर त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटानं सगळा हात चाचपून बघितला.

“बरोबर सांगितलंस,” त्या म्हणल्या. “करंगळीजवळचं एक पान सांगायचं राहिलं.”

आन् लगेच इचारलं, रायटर होशील का. कॉलेजच्या पोरींच्या परीक्षा त्याच टायमाला असतात, त्या येत न्हाईत, आन् आल्या तर फिजिक्सची चिन्हं बघून घाबरतात. मी बी घाबरलेच. पण घरातनं निघायला कारण मिळतंय म्हणून व्हय म्हणले.

प्रॅक्टिसला मी पोरीला काखेत मारून जायची. कान्हे फाट्यापर्यंत रिक्षा, तितनं देहूरोड. पोरगी त्यांच्या आईपाशी खेळायची. ताई चिन्हांची नावं सांगायच्या, मी मेंदीच्या भाषेत ध्यानात ठेवायची. साय म्हंजे त्रिशूळ. इंटिग्रल म्हंजे कोयरीचा लांब देठ. डॅगर म्हंजे डोक्यावरचं अधिकचं चिन्ह, फक्त खालची दांडी लांब. हे सगळं मी महिनाभरात बसवलं. अर्थ मात्र त्या सांगायच्या न्हाईत.

“हात तुझा, डोकं माझं,” असं म्हणायच्या. “अर्थ कळला तर तुझा गोंधळ होईल.”

गोंधळ अर्थ न कळल्यामुळंच झाला. क्वांटम फील्ड थिअरी नावाचा त्यांचा पेपर. त्यात एक मोठा धडा, स्कॅटरिंग मॅट्रिक्सचा. थोडक्यात एस मॅट्रिक्स म्हणतात. त्याची ओळ अशी असते: डावीकडं एक टोकदार कंस, मधी एस, उजवीकडं दुसरा टोकदार कंस. डाव्या कंसाला ब्रा म्हणतात. पयल्यांदा ऐकलं तवा मला तोंडावर ओढणी घ्यावी लागली. ताई म्हणल्या, “सगळ्या हसतात. हसून घे आणि लिही.” उजव्याला केट म्हणतात.

त्या बोलताना म्हणायच्या, के एक आन् के दोन येतात, पी एक आन् पी दोन जातात. मी आपलं येणारं आधी लिहायची, डावीकडं. वाचून दाखवलं की त्या म्हणायच्या, उलटं झालं, खोड. परत सांगायच्या, परत मी तेच. एकदा इतक्या येळा झालं की त्यांनी ब्रेलची पाटी बाजूला ठेवली.

“इकडे बस,” त्या म्हणल्या. “नाइलाज आहे. आता अर्थ सांगते.”

त्यांनी घाट सांगितला. खोपोलीला गाड्या घाट चढायला लागलेल्या दिसतात. मधी धुकं, काय दिसत न्हाई. वर लोणावळ्याला गाड्या निघताना परत दिसतात. धुक्यात कोण कुणाला घासलं, कोण कुणाच्या मागं लागलं, ते कुणी बघितलेलं न्हाई. कणांचंबी तसंच. लांबनं येतात तवा एकमेकांना ओळखतबी न्हाईत. जवळ आल्यावर आपटाआपटी व्हते, ती कुणाला दिसत न्हाई. मंग जे उरलं ते लांब लांब निघून जातं. आपल्या हाती दोनच गोष्टी, काय आलं आन् काय गेलं. एस मॅट्रिक्स म्हंजे ह्या दोन्हींच्या मधलं कोष्टक. अशा येण्यातनं असं जाणं, त्याला एक आकडा. त्या आकड्यावरनं तसं व्हायची शक्यता किती ते काढतात.

“आन् गाडी धुक्यातच गायब झाली तर?” मी इचारलं.

“होत नाही. सगळ्या शक्यता मिळून पूर्ण एक यायला लागतं. तू तो एस डॅगर एस बरोबर एक लिहितेस ना, ते तेच. आत गेलेल्याचं काहीतरी बाहेर आलंच पाहिजे.”

“दोन गाड्या एकमेकींत अडकून बंद पडल्या तर?”

ताई हसल्या. म्हणल्या, “दोन कण चिकटून एक झाले तर तोही निकालच. त्याचंही घर कोष्टकात असतं. तू घाटात राहतेस हे बरं आहे.”

“मी टाकव्याला राहते.”

“तेच ते.”

मंग त्यांनी ओळ समजावली. लिहायची डावीकडनं, पण घडतं ते उजवीकडनं. येणारं उजव्या कंसात, मधी एस, जाणारं डाव्या कंसात. उलट लिहिलं तर लोणावळ्यातनं गाड्या खोपोलीला उतरल्या असा अर्थ व्हतो. ती दुसरीच गोष्ट झाली.

मी म्हणले, “मंग ही ओळ अरबीसारखी वाचायची.”

लहानपणी कामशेतला मी मशिदीत कायदा वाचायला जायची. कायदा म्हंजे अरबी अक्षरांचं पयलं पुस्तक. उजवीकडनं सुरू करायचं, बोट ठेवून डावीकडं जायचं. शाळेत सकाळी डावीकडनं आन् मशिदीत दुपारी उजवीकडनं, त्याचा मला कधी तरास झाला न्हाई. कुणी सांगायला पायजे व्हतं फक्त की ही ओळ कुठल्या बाजूची हाय.

त्या दिवसापासनं माझी ती ओळ एकदाबी चुकली न्हाई. घरी भांडी घासताना मी मनात वाचायची, उजवीकडनं. सासूबाई म्हणायच्या, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटते ही, रायटर झाली का भगत झाली. मला मात्र लय भारी वाटायचं. शाळा सुटल्यापासनं कळलेली ही पयली गोष्ट.

परीक्षेचं सेंटर लोणावळ्याला. सासूबाई पोरीला घेऊन बरोबर आल्या, कारण तिला बाटली चालत न्हवती. गेटच्या आत बाकावर बसल्या. मी वर जाताना म्हणल्या, “लवकर आटप गं. ही रडली तर मी काय तिला फिजिक्स पाजू?”

आमाला वेगळा वर्ग. ताई, मी आन् सुपरवायझर मॅडम. रायटरनं काय करायचं न्हाई ते मॅडमनी आधी वाचून दाखवलं. सुचवायचं न्हाई, इचारायचं न्हाई, चेहऱ्यानं खुणा करायच्या न्हाईत. मला त्याचं हसू आलं. ताईंसमोर चेहऱ्यानं खुणा करून काय उपयोग व्हता?

पेपर चांगला चालला व्हता. ताई एका चालीत सांगत व्हत्या, मी एका चालीत लिहीत व्हते. शेवटचा मोठा प्रश्न एस मॅट्रिक्सचा आला. तोवर त्यांचा आवाज बसला व्हता, मधीमधी पाणी पीत व्हत्या. खालनं पोरीचं रडणं ऐकू यायला लागलं. ती माझीच, मला कळत व्हतं. माझ्या अंगात दूध भरून आलेलं, अंग ठणकत व्हतं.

ताई म्हणल्या, “के एक, के दोन ब्रा. एस. पी एक, पी दोन केट.”

उलटं झालं व्हतं. येणारं डावीकडं गेलं व्हतं.

मी काय बोलले न्हाई. खरंच न्हाई. ओठबी हलला न्हाई. फक्त माझा हात थांबला. पेनचं टोक कागदावर टेकलं आन् पुढं गेलं न्हाई. किती येळ म्हणाल तर एक श्वास घेऊन सोडावा तेवढाच. मंग मी सांगितलं तसं लिहून काढलं.

पण ताईंचं सगळं कानावर. पंख्याच्या आवाजातबी पेनचा आवाज त्यांना ऐकू येतो. त्यांनी मान जरा वाकडी केली आन् म्हणल्या, “थांब. खोड. पी एक, पी दोन ब्रा. एस. के एक, के दोन केट.”

मी खोडलं आन् नीट लिहिलं. मॅडम उठून आल्या.

“तू हिला सांगितलंस,” त्या मला म्हणल्या.

“मी बोललेच न्हाई मॅडम.”

“बोलली नाहीस. हात थांबवलास. तू थांबलीस आणि हिनं लगेच बदललं. मी बघतेय.”

मॅडम खरं बोलत व्हत्या. त्यांनी उत्तरपत्रिका उचलली, शिपायाला ताईंपाशी थांबवलं आन् मला खाली आणलं.

सेंटरचे मुख्य सर फिजिक्सचेच निघाले. केबिनमधी एक क्लार्क आन् एक जादाचे सुपरवायझर सर बसलेले. मॅडमनी सगळं सांगितलं. सरांनी ती ओळ बघितली, खोडलेलीबी बघितली, आन् माझ्याकडं वरपासनं खालपर्यंत बघितलं.

“शिक्षण किती?”

“नववी.”

“खरं सांग. बाहेरून बीएस्सी वगैरे केलेलं नाही ना? असे रायटर बसवतात.”

मी पिशवीतनं शाळेचा दाखला काढला. लॅमिनेशन केलेला. त्यांनी बघितला, क्लार्ककडं दिला. मंग प्रश्नपत्रिका पुढं केली आन् इंग्रजी वाच म्हणले. मी वाचलं. शब्द तुटत व्हते. ‘अ‍ॅम्प्लिट्यूड’ मला तीनदा तोडून बी जमला न्हाई. जादाचे सर हसले. क्लार्क खाली बघून हसला. मला पान्हा फुटला व्हता, कुडता ओला झालेला, मी ओढणी छातीशी धरून उभी. त्यांना वाटलं असंल घाबरून धरली. घाबरलेबी व्हते.

“घरी काय करतेस?”

“मेंदी काढते.”

परत हसले. ते हसले तसं मला कळलं की हे चांगलं चाललंय. ते जितकं हसतील तितका ताईंचा पेपर वाचतोय.

तेवढ्यात शिपाई ताईंना हाताला धरून खाली घेऊन आला. सरांनीच बोलावलं व्हतं. त्यांनी ताईंना इचारलं, हिनं तुम्हाला काही सांगितलं का. ताई म्हणल्या, “ती एक शब्द बोलली नाही.” तेबी खरंच व्हतं.

सरांनी कोरा कागद ओढला आन् त्यावर ती ओळ लिहिली. ठळक, सुंदर. दोन कंस, मधी एस. कागद माझ्यापुढं सरकवला.

“यातलं आधी काय घडतं? बोट ठेव.”

मला उत्तर येत व्हतं. सगळ्या जन्मात एवढ्या मोठ्या माणसानं मला प्रश्न इचारावा आन् मला त्याचं उत्तर यावं, असं पयल्यांदा झालं व्हतं. ताई माझ्या मागं, हाताच्या अंतरावर उभ्या.

मी डाव्या कंसावर बोट ठेवलं.

“हे सर. पयलं लिहिलंय ते पयलं.”

“डावीकडचं आधी,” सर मोठ्यानं म्हणले, मॅडमना ऐकवत. मंग हसले. “बघा मॅडम. काही नाही हो, बिचारीचं पेन अडकलं असेल. जाऊ द्या त्यांना, आणि गेलेला वेळ वाढवून द्या.”

वर जाताना ताईंनी माझा खांदा धरला व्हता. नेहमी धरतात तसाच.

खुर्चीवर बसल्यावर त्या म्हणल्या, “शेवटचं लिहिलेलं खोड.”

मी खोडलं.

“लिही. के एक, के दोन ब्रा. एस. पी एक, पी दोन केट.”

ही उलटी ओळ. त्यांना म्हाईत व्हतं उलटी हाय, मला म्हाईत व्हतं उलटी हाय. मॅडम आता आमच्या डोक्यावरच उभ्या, त्यांची नजर माझ्या पेनवर. मी लिहायला लागले. येणारं डावीकडं. मेंदी काढताना कोन दाबला की एकसारखी धार यायला पायजे, मधी थांबलं की तितं गोळा व्हतो आन् सगळ्यांना दिसतो. तशी लिहिली. ह्या येळी हात थांबला न्हाई. पुढचं सगळं उत्तर त्या चुकीच्या ओळीवर रचलं, मी ते बी लिहिलं.

पेपर सुटल्यावर मी पळत खाली गेले. पोरगी रडून लाल झालेली. सासूबाईंनी ती माझ्या मांडीत टाकली आन् म्हणल्या, “पेपर कुणाचा व्हता गं, तिचा का तुझा? घामानं निथळतीयेस नुसती.” मी भिंतीकडं तोंड करून पाजायला बसले. ताई बाजूला येऊन बसल्या. मी इचारलं, बरोबर आलेलं का खोडायला लावलं.

“ते मला आठवलं नव्हतं,” त्या म्हणल्या. “तुझ्या हाताला आठवलं होतं. मग ते माझं उत्तर नाही.”

“मी मुद्दाम न्हाई केलं ताई.”

“माहीत आहे. म्हणूनच म्हणतेय. पुढच्या पेपरला मी दुसरी रायटर बघते.”

मला वाटलं सरांसमोर खोटं बोलले म्हणून चिडल्या. मी म्हणले, “तुमचा पेपर गेला असता ताई, म्हणून डावीकडं बोट ठेवलं. मला म्हाईत व्हतं.”

“तेही माहीत आहे. तू वाचवलास मला. पण नियम चुकीचा नाही, शबाना. ज्याला कळतं तो रायटर चालत नाही. तुला कळतं.”

मंग पोरीच्या पायाला हात लावत म्हणल्या, “किती पटकन सांगितलंस गं. डावीकडचं आधी. थोडं तरी अडखळशील असं वाटलं होतं मला.”

मी पोरीला दुसऱ्या बाजूला पाजायला घेतलं.

ताई पास झाल्या. त्या प्रश्नाला फार कमी मार्क पडले, असं त्यांनी फोनवर सांगितलं, हसून सांगितलं. त्यांचे पुढचे पेपर सोमाटण्याच्या एका पोरीनं लिहिले. मला त्यांनीच दुसरीकडं कामं लावून दिली. आता मी इतिहासाचे, राज्यशास्त्राचे पेपर लिहिते, मेंदी तर चालूच हाय. कुणी सन चुकीचा सांगितला तर चुकीचा लिहिते, हात चालू. कळतं तितं लिहिताना मी मनात मेंदीची येल काढत बसते, म्हंजे लक्ष जात न्हाई.

आता नव्या पोरी इचारायला येतात, रायटरचं काम कसं असतं. मी सांगते, अक्षर नीट पायजे, चिन्हं पाठ पायजेत, आन् पेन एका चालीनं चाललं पायजे. काय लिहिताय ते इचारू नका. आन् इचारलंच, आन् कळलंच, तर एक दिवस मोठ्या माणसासमोर कळत न्हाई म्हणून दाखवायची तयारी ठेवा.

मी तशी तयारी केली न्हवती. तरी पयल्याच झटक्यात जमलं. त्याचीच लाज वाटते.